वासराचा कान

परभणी जिल्ह्यातल्या पालममध्ये क्रोशाचं काम सांगायला बायका दोन निमित्तांनी येतात. घरात लग्न ठरलं की रुखवतासाठी, आणि लेक बाळंतपणाला माहेरी आली की बाळंतविड्यासाठी. रुखवतातली तोरणं, ताटावरचे रुमाल, हंसांची जोडी दिवसभर मांडवात मिरवतात आणि नंतर सासरच्या शोकेसमध्ये जाऊन बसतात. पुढं त्यांना हात लागतो तो धूळ झटकण्यापुरता. बाळंतविड्याचं तसं नाही. टोपडं, झबलं, कुंची, दुपटं रात्रंदिवस बाळाच्या अंगाशी असतं. त्यावर दूध सांडतं, लाळ गळते, रोजचं धुणं ते सोसतं. सुई तीच, टाकेही तेच. पण एक काम डोळ्यांसाठी असतं आणि दुसरं कातडीसाठी. गेल्या काही वर्षांत या दुसऱ्या कामात एका नव्या वस्तूची भर पडली आहे.

वस्तू साधी आहे. दीड वीत लांब-रुंद विणलेला चौकोन, त्याच्या मधोमध प्राण्याचं मुठीएवढं डोकं, डोक्याला दोन लोंबते कान. पांघरायला ती पुरत नाही आणि खेळणं म्हणून उभी राहत नाही. पुण्या-मुंबईला दिलेल्या लेकी मोबाइलवर फोटो दाखवतात. कुणाला ससा हवा असतो, कुणाला अस्वल. मी तिला सोबतीचा रुमाल म्हणते. बारशाच्या फोटोत तो छान दिसतो. नंतर विचारपूस केली की बहुतेक घरांतून एकच उत्तर येतं, "अजून नवाच्या नवा ठेवलाय हो." म्हणजे बाळानं तो धरलेलाच नसतो.

ज्या लेकरानं तो खरोखर धरला, त्याच्यासाठी रुमाल सांगायला त्याची आजी आली होती, नदीपलीकडच्या एका गावातून. लेक आणि सून दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊस तोडायला गेलेले. पालम, गंगाखेड, सोनपेठ या भागातल्या कितीतरी घरांचं वर्ष असंच चालतं. मुकादमाकडून उचल घेतली की नवराबायकोचा मिळून एक कोयता होतो, आणि तो कोयता पाडव्याच्या आसपासच गावी परततो. लेकरू अंगावर पीत असेल तर आईबरोबर कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीवर, जातं, फडाच्या कडेला साडीच्या झोळीत निजतं. शाळेत जाणारं आजीकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतं. जे नुकतंच अंगावरचं तुटलंय आणि शाळा अजून लांब आहे, त्याचं काय करायचं हा प्रश्न दरवर्षी घरोघरी नव्यानं पडतो. या घरातलं लेकरू दीड वर्षाचं होतं. आदल्या हंगामात ते कोपीवर सारखं आजारी पडलं होतं, म्हणून यंदा त्याला मागं ठेवलं होतं.

"दिवसा काय करीना बाई," आजी सांगत होती. "शेरडामागं पळतंय, खेळतंय. रातीला मातर उठून मायला हुडकायलंय. तिची जुनी साडी उशाला देते, तेवढ्यावर निजतंय. पर साडीत पाय गुतत्यात, तोंडावर वढून घेतंय. मला झोप लागंना भ्यानं."

शेजारच्या घरी तिनं मी केलेला ससा पाहिला होता. तसंच करून द्या, पण ससा नको म्हणाली. "ससा त्यानं कुठं बघितलाय? आमच्या दावणीला वासरू हाय."

लंडनमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ साली या विषयावर एक निबंध वाचला. तो १९५३ मध्ये छापून आला. आई जवळ नसण्याची जाणीव बाळाला होऊ लागते त्या वयात ते एखादी मऊ वस्तू निवडतं, दुपट्याचं टोक, कापडाची चिंधी, काहीही, आणि ती धरून आईपासून दूर राहायला शिकतं, असं त्यांनी मांडलं. निवड बाळाची असते, यावर त्यांचा भर होता. ती वस्तू मळली, वास मारू लागली तरी आया ती धूत नाहीत, कारण धुतली की बाळाच्या लेखी तिचं सातत्य तुटतं, हेही त्यांनी टिपून ठेवलंय. पुढं १९५८ मध्ये अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. ते वाचताना पोटात कालवतं. आईपासून तोडलेल्या पिल्लांपुढं दोन पुतळ्या ठेवल्या होत्या, एक तारेची, एक मऊ कापडाची. दूध तारेच्या पुतळीकडून मिळायचं तेव्हासुद्धा पिल्लं तेवढ्यापुरती तिच्याकडे जायची आणि बाकीचा वेळ कापडाच्या पुतळीला बिलगून बसायची.

मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती इटलीतली पाहणी. रेनाता आणि एउजेनिओ गाडिनी या दाम्पत्यानं ती १९७० मध्ये प्रसिद्ध केली. खेड्यांतल्या मुलांमध्ये अशी वस्तू जवळ बाळगणारी मुलं शंभरात पाचच्या घरात होती, रोम शहरात एकतीसच्या. खेड्यातलं मूल आईजवळ झोपत होतं. बारशातले माझे रुमाल नवे का राहतात, याचं उत्तर मला इथं मिळालं. आमच्याकडं बाळ आईच्या कुशीत निजतं, पदराचं टोक मुठीत धरतं, चघळतं. ज्याच्या मुठीत पदर आहे ते रुमाल कशाला धरील? तो लागतो कूस लांब गेल्यावर. आणि पालमच्या आसपास कूस लांब जाते ती ऊसतोडीमुळं. शहरातली हौस म्हणून आलेल्या या वस्तूची खरी गरज फडावर गेलेल्या आयांच्या घरात आहे, असं माझं ठाम मत झालंय.

इथून जवळच गंगाखेड, संत जनाबाईंचं जन्मगाव. तिकडच्या बायकांना जनीच्या वाकळेची कथा सांगावी लागत नाही. विठ्ठल जनीच्या झोपडीत निजला आणि पहाटे काकडआरतीच्या घाईत स्वतःचा भरजरी शेला तिथंच ठेवून जनीची वाकळ पांघरून देवळात गेला. त्यापायी जनीवर चोरीचा आळ आला, ती सुळापर्यंत जाऊन आली. पण देवाच्या अंगाला वाकळ गोड लागली, हे कथेतलं मला नेहमी खरं वाटत आलंय. जुनी लुगडी एकावर एक ठेवून, दाट धावदोरा घालून शिवलेली, वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेली वाकळ; तिच्या तोडीचं पांघरूण नव्या कापडात होत नाही. जन्मलेलं लेकरू आमच्याकडं आधी जुन्यातच गुंडाळतात ते यासाठीच. म्हणून आजीनं सुनेची साडी बरोबर आणलेली पाहिली तेव्हाच मी ठरवलं की वासरात ती कुठंतरी यायला हवी.

वासरू कुठलं, हा प्रश्न नव्हताच. आमचं शिवार लोहा-कंधारला लागून, त्यामुळं दावणीला बहुतेक लाल कंधारी. गडद लाल, जवळजवळ तपकिरी अंग, रुंद कपाळ, डोळ्यांभोवती चकचकीत काळं कडं आणि लांब, खाली झुकलेले कान. विणणारीच्या दृष्टीनं यातली प्रत्येक खूण सोयीची आहे. काळं कडं असल्यानं डोळा धाग्यानं भरता येतो, मणी किंवा बटण लावावं लागत नाही. बटण कितीही घट्ट शिवा, दात येणारं लेकरू ते उपटतं आणि गिळतं. कान लांब असल्यानं लहान मुठीत पुरता येतो आणि तोंडातही जातो.

अडचण होती ती लाल रंगाची. लोकर मिळते ती बहुतेक ऍक्रेलिकची. ती स्वस्त, रंगाला पक्की, वाळायला हलकी. पण परभणी जिल्ह्यातला उन्हाळा ४४-४५ अंशांवर जातो, घामात ती अंगाला टोचते. धुऊन धुऊन तिला गोळे येतात आणि ते तंतू लाळेबरोबर पोटात जातात. चुलीजवळ तर ती नकोच, ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटते. थंडीचं म्हणाल तर डिसेंबर २०१८ च्या अखेरीस परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या नोंदीत पारा २ अंशांवर उतरला होता. पण एवढ्याशा रुमालानं थंडी थोडीच भागणार, त्यासाठी वाकळ आहेच. म्हणून धागा सुतीच. चहूकडे कापसाचं शिवार आणि विणायचा सुती धागा मात्र नांदेडहून आणायचा, याची मला दरवेळी खंत वाटते.

सुती लाल धाग्यावर माझा भरवसा नाही. लडीतून हातभर धागा तोडायचा, कोमट पाण्यात भिजवायचा, पांढऱ्या मलमलीच्या ओल्या चिंधीत गुंडाळून वर वजन ठेवायचं आणि रात्रभर तसंच राहू द्यायचं. सकाळी चिंधी उलगडली की काय ते कळतं. आणलेल्या छटांपैकी सगळ्यांत सुंदर, अगदी कंधारी गाईच्या पाठीसारखी दिसणारी, तिनं चिंधीवर गुलाबी रेघ सोडली. ती बाजूला गेली. जरा मातकट, विटकरीकडं झुकणारी छटा कोरडी निघाली, तीच घेतली. फोटोत ती फिकी दिसते. लेकराच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूला फोटोचं माप लावायचं नाही.

चौकोनाला जाळी ठेवली नाही. खांबांचे गट आणि मध्ये साखळ्या असा नेहमीचा चौकोन भराभर होतो आणि दिसतोही खुलून, पण त्याच्या भोकात बाळाचं बोट अडकतं. मी एक मुका खांब, एक साखळी, आणि पुढच्या ओळीत त्या साखळीखालून मुका खांब अशी वीण घालते. कापड दाट होतं, तरी लवचीक राहतं. त्यासाठी सुई चार मिलिमीटरची. डोक्यासाठी तीन मिलिमीटरची, कारण तिथं टाका एवढा आवळून बसला पाहिजे की आतलं भरण बाहेर डोकावू नये. डोकं गोलात, न थांबता फिरत जातं. कड्यात सहा मुके खांब, पुढच्या फेरीत प्रत्येकात दोन म्हणजे बारा, मग अठरा, चोवीस, आणि हवा तो घेर आला की वाढ बंद करून सरळ फेऱ्या. फेरी कुठं सुरू झाली ते कळावं म्हणून वेगळ्या रंगाचा धागा टाक्यात अडकवून ठेवायचा. कंधारीचं कपाळ रुंद असल्यानं वाढ सगळीकडं सारखी न करता वरच्या बाजूला जास्त केली आणि नाकाकडं घट पटकन आणली. गोल चेंडू गाईचं तोंड होतो तो याच जागी.

भरणाचा विचार मी बराच केला. पिंजाऱ्याकडचा पिंजलेला कापूस हाताशी असतो, पण धुतल्यावर त्याचे गोळे होतात आणि आतून तो लवकर वाळत नाही, पावसाळ्यात कुबट वास धरतो. बाजारातलं फायबर वाळतं छान, पण दाबून भरलं तर डोकं कडक होतं. मी साडीच्याच बारीक चिंध्या घातल्या, सैल, दाबलं की चपटं होईल एवढ्याच. उरलेल्या कापडाचं कानांना अस्तर केलं. बाहेरून विणलेला लाल कान, आतून आईच्या साडीचा फिका हिरवा तुकडा, कडेनं मुक्या खांबांची फेरी घालून दोन्ही एकत्र बांधलेले. कान डोक्याला शिवताना एकदा पुढून, एकदा मागून, असे दोनदा शिवले. सगळी ओढ तिथंच येणार होती.

पोळ्याच्या वासराला गोंडे लागतात, गळ्यात घुंगरू लागतं. ते काहीच लावलं नाही. गोंड्याचा सुटा धागा बाळाच्या बोटाला किंवा पायाच्या अंगठ्याला वेढा घालतो, रक्त अडतं आणि रात्री कुणाच्या लक्षातही येत नाही. दोरी, नाडी यांबाबत मी डेन्मार्कमधला एक नियम धरून चालते. तिथं २०१३ पासून स्वयंसेवक बायका अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी सुती धाग्याचे ऑक्टोपस विणून रुग्णालयांना देतात. त्याचे पाय पूर्ण ताणल्यावर २२ सेंटिमीटरपेक्षा लांब भरता कामा नयेत, असं त्यांनी ठरवलंय, म्हणजे ते गळ्याभोवती फिरत नाहीत. माझ्या वासराचा कान ताणून त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. आणि बारशासाठी रुमाल सांगणाऱ्या प्रत्येकीला मी देतानाच सांगते की वर्षाचं होईस्तोवर हे झोपेत बाळाजवळ ठेवायचं नाही, पाळण्यात नाही आणि झोळीत तर नाहीच. जागेपणी, तुमच्या डोळ्यांसमोर द्या. लहान बाळ तोंडावर आलेलं कापड स्वतः दूर सारू शकत नाही. कुणाला हे अभद्र बोलणं वाटतं, पण सांगितल्याशिवाय मी वस्तू हातात देत नाही. आजीचं लेकरू दीड वर्षाचं होतं, म्हणूनच मी तिला रात्री जवळ द्यायला होकार दिला.

मोलाचं एकदा स्पष्ट सांगते. "एवढ्याशा रुमालाला एवढे?" हे मला सतत ऐकावं लागतं. स्वेटर मशीनवर निघतो, खरा क्रोशा अजून कुठल्याही मशीनवर निघत नाही. बाजारात क्रोशाची वस्तू फार स्वस्त दिसली तर समजावं की कुठल्या तरी बाईच्या हाताचे पैसे त्यातून कापले गेलेत. आजीकडून मी धाग्याचेच पैसे घेतले, तो माझा खुशीचा भाग. बाकीच्यांकडून मी पुरी मजुरी घेते आणि शिकायला येणाऱ्या मुलींनाही तेच सांगते.

रुमाल देताना आजीला सांगितलं की लगेच लेकराच्या हातात देऊ नका. काही रात्री साडीच्या घडीत गुंडाळून उशाशी राहू द्या. साडी काढायची घाई करू नका, ती हळूहळू आखूड होऊ द्या. तिला ते लगेच उमगलं. वासरू आईपासून तोडतानाही एकदम तोडत नाहीत, असं तीच मला म्हणाली.

लेकरानं आधी वासराकडं ढुंकूनही पाहिलं नाही. दिवसा ते फरफटत गोठ्यात नेलं, खऱ्या वासरापुढं टाकलं, शेणात माखलं. आजीनं घाबरून निरोप धाडला, धुऊ का? मी म्हटलं, चौकोन धुवा, कान शक्यतो ओले करू नका. मग कधीतरी रात्री त्याला कानाची आतली बाजू सापडली. विणलेला भाग त्याला नको होता. अंगठा अस्तरावर घासत, कानाचं टोक ओठांत धरून ते निजायला लागलं. मी निवडलेली छटा, रुंद कपाळ, डोळ्यांची काळी कडी यांतलं त्याला काही लागलं नाही. वासरामुळं ते रुमालाजवळ आलं असेल, पण धरलं त्यानं साडीला. ते ऐकून मला फार बरं वाटलं.

पाडव्याच्या सुमारास टोळी परतल्यावर त्याची आई रुमाल घेऊन माझ्याकडं आली. उन्हानं रापलेली, हातांना पाचटाचे चरे. एका कानाची कड चावून चावून उसवली होती आणि अस्तर दोऱ्यावर आलं होतं. मी म्हटलं, कान नवा करून देते, तुमच्या दुसऱ्या साडीचा तुकडा द्या. तिनं मान हलवली. "त्येच राहू द्या. मी आले तरी रातीला त्येच मागतंय." मग तिच्यासमोर बसूनच कडेच्या दोन फेऱ्या उसवल्या, ठेवणीतल्या त्याच लडीचा धागा काढला आणि अस्तराला हात न लावता बाहेरून नवी, जरा रुंद फेरी घातली. तेव्हापासून प्रत्येक रुमालामागं थोडा धागा मी चिठ्ठी बांधून बाजूला ठेवते, कारण लडीची छटा पुढच्या खेपेला तीच मिळेल याची खात्री नसते.

आता दसऱ्याच्या आधीच बायका येऊ लागल्या आहेत. मी आधी साडी मागते, धुतलेली नको, अंगावरची द्या म्हणते. मग दावणीला काय आहे ते विचारते. एका घरी शेळ्याच आहेत, तिथं करडू होईल. एका घरी देवणी आहे, वानेरा जातीची, पांढरं अंग आणि काळं तोंड. पांढऱ्याची मला काळजी नाही. काळा धागा लालपेक्षाही बेभरवशाचा, म्हणून आणलेल्या लडींचे तुकडे काल रात्रीच चिंधीत गुंडाळून ठेवलेत. त्यांतली एक कोरडी निघाली तर उद्या तोंड विणायला घेईन. नाही निघाली तर देवणी अख्खी पांढरी होईल. तीही जात आहेच, बालंक्या म्हणतात तिला.